भीमाची मिशी

हुरड्याचा वास आला की लोकांना भूक लागते. माझ्या पोटात मात्र गेल्या वर्षीपासून दुसरंच काहीतरी जळायला लागतं. परवा दुकान बंद करून घरी निघाले होते, गाडीवर मागे बसून. वसमत रस्त्याच्या कडेला कुणीतरी आगटी पेटवली होती. गोवऱ्यांचा धूर, त्यात भाजल्या कणसाचा गोडसर वास आणि नुकती उतरलेली थंडी. आमचे हे म्हणाले, थांबायचं का, खायचा का हुरडा? मी म्हणाले, नको, चला. मला एकदम अस्वलतोंड्या आठवला, कंदीलवाली म्हातारी आठवली, आणि ती पिसाची टोपी घातलेली तिरंदाज बाई. बोटाच्या पेराएवढी सगळी माणसं. त्यांच्यावरून एका चाळिशीतल्या बाईचा जीव जळतो, हे नवऱ्याला गाडीवर मागे बसून कसं सांगणार?

मत्सराचं हे एक वाईट असतं. राग आला तर भांडता येतं, दुःख झालं तर रडता येतं, चार बायका जवळ बसून पाठीवरून हात फिरवतात. जळफळाट झाला तर मात्र तोंडावर हसू ठेवून वाढायला घ्यावं लागतं.

माझं माहेर चुडाव्याचं. स्टेशनापासून चालत जाता येईल असं घर, पुढच्या बाजूला आप्पांचं किराणा दुकान, आणि गावाबाहेर ओढ्याच्या अंगाला थोडं शेत. आजोबा लातूरकडून इथे आलेले. येताना त्यांनी गळ्यातलं लिंग आणलं, तराजू आणला आणि येळवस आणली. थंडीतल्या अमावास्येला सगळं घर शेतात जातं. कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून कोप बांधायची, तिच्यावर शाल पांघरायची, आत पाच दगड मांडायचे. हे पाच पांडव. त्यांना आंबील, भज्जी, उंडे यांचा नैवेद्य दाखवायचा आणि मग सगळ्यांनी उसाला, तुरीला, ज्वारीला टेकून पोट फुटेस्तोवर जेवायचं. आमच्या गल्लीतली निम्मी माणसं त्या दिवशी आमच्याच शेतात जेवायला असतात.

दगड दरवर्षी तेच. वर्षभर बांधावरच्या लिंबाखाली पडून असतात, येळवसीच्या सकाळी ओढ्यावर नेऊन धुवायचे. मग त्यांना पांढरा चुना द्यायचा आणि वर कावेचे लाल ठिपके. चुना मी, काव मल्लू. माझा धाकटा भाऊ मल्लिकार्जुन, त्याला चालता येत नव्हतं तेव्हापासूनची ही वाटणी आहे. मी त्याला मांडीवर घ्यायचे, त्याचं बोट कावेत बुडवायचे आणि दगडावर टेकवायचे. पुढे तो मोठा झाला, ठिपके किती द्यायचे यावरून माझ्याशी भांडायला लागला. चुन्याने माझ्या बोटांची सालं निघायची आणि तो म्हणायचा, अक्का, तू हात धू, मी तुला घास भरवतो. चुना-कावेच्या हातांनी आम्ही काय काय खेळलो त्या बांधावर. काचाकवड्या, सागरगोटे, चिंचोक्यांचे सैन्य. मल्लूला समोरचा गडी म्हणजे अक्का, एवढंच माहीत होतं.

लग्न होऊन मी परभणीला आले. पिको-फॉल आणि ब्लाउज शिवायचं दुकान टाकलं. कामाच्या गडबडीत भाऊबीज कधी चुकली असेल, येळवस एकदाही चुकवली नाही. लग्नसराईची लुगडी ढिगाने पडलेली असली तरी मी सकाळच्या गाडीत बसतेच.

गेल्या वर्षी बसले तेव्हा मनात आधीच खुटखुट होती. उन्हाळ्यात मल्लूचं लग्न झालं होतं. ऋतुजा पुण्याची, त्याच्याच कंपनीतली. कंपनीने घरून काम करायला परवानगी दिली म्हणून दोघं हुरड्याचा अख्खा हंगाम चुडाव्याला येऊन राहिले होते. फोन केला की मल्लूच्या दर वाक्यात ऋतुजा. ऋतुजा असं म्हणाली, ऋतुजाने बघ काय आणलंय. येताना ती एक पेटी घेऊन आली होती, सराफाकडे असते तशी, आत स्पंजचे खण आणि खणाखणात ही चिमुकली माणसं. कुणाला अस्वलाचं तोंड, कुणाला शेपूट, कुणाच्या हातात वाकडी तलवार. एका कुठल्याशा बुडालेल्या राज्याच्या भानगडीत ती म्हणे एकमेकांशी लढतात. आणि ही सगळी ऋतुजाने स्वतः रंगवलेली, एका केसाच्या कुंचल्याने. मल्लूने फोनवर हे सांगितलं तेव्हा मी म्हणाले, वा. हे वा म्हणताना सुई बोटात शिरली, ती ऋतुजामुळेच शिरली असं माझं आजही मत आहे.

स्टेशनवर मला घ्यायला मल्लू आला नाही. आप्पांनी दुकानातल्या गड्याला पाठवलं. शेतात पोचले तर कोप उभी, शाल पांघरलेली, आई चुलीपाशी. मी बाही सावरून लिंबाकडे निघाले, तर लिंबाखाली दगड नाहीत. आई म्हणाली, "न्हाई गं, ते झालंय. ऋतुजानं केलंय रात्रीच."

वाकून कोपीत पाहिलं. आत पाच पांडव बसले होते. त्यांना डोळे होते. धर्माच्या कपाळावर विभूतीचे पट्टे, अर्जुनाच्या अंगावर निळा शेला, नकुल-सहदेवाचे अगदी एकसारखे कान. भीमाला तर अशी झुपकेदार मिशी की बघणाऱ्याने हसावंच. आणि बघणारा जो तो हसत होता. शेजारच्या शेतातल्या बायका लेकरांना घेऊन बघायला येत होत्या, फोटो काढत होत्या. आप्पांनी आपली लिंगपूजा उरकली आणि पांडवांपुढे निवांत हात जोडले. मला वाटलं होतं, निदान आई तरी म्हणेल की आपल्यात असं करत नाहीत. आई म्हणाली, "पांडवाला डोळे आले. आता तरी शेताकडं नीट बघतील."

माझे पांडव आयुष्यभर पांढरे गोळे होते. त्यांना तोंड नव्हतं, त्यांना ते लागलंही नव्हतं. मी मल्लूला बाजूला घेऊन विचारलं, माझ्यासाठी थांबायला काय झालं होतं? तो भाबडेपणाने म्हणाला, "अगं मीच म्हणलो तिला, कर म्हणून. तू उगं दमून येणार, परत चुन्यानं हात खराब करून घेणार." तळपायाची आग मस्तकाला गेली. तिने न विचारता केलं असतं तर तिला नावं ठेवता आली असती. त्याने दिलं होतं. इतक्या वर्षांची माझी गोष्ट त्याने सहज उचलून दिली होती, आणि वर ती माझ्या काळजीपोटी.

जेवणं झाली. माणसं पांगली. ज्वारी डोक्याच्या वर गेलेली, तिच्या पानांतून वारा सळसळत होता आणि ऊन कोपीच्या कडेने सरकत होतं. मल्लू आणि ऋतुजाने गोणपाट अंथरलं, त्यावर ढेकळं मांडली, ज्वारीची धांडं मोडून उभी रोवली. ढेकळं म्हणजे डोंगर, धांडं म्हणजे पडलेल्या महालाचे खांब, डब्याचं झाकण म्हणजे तळं. मधोमध एक दिवा ठेवायचा असतो, तो जो आपल्या कडेला नेईल तो जिंकला. त्यांचा दिवा पुण्याला राहिला होता म्हणून ऋतुजाने हरभऱ्याचा एक घाटा तोडून मधे ठेवला. या खेळात पटावर घरं नसतात. कोण किती चालणार, कुणाचा बाण कुठवर पोचणार, ते इंचांत मोजायचं आणि लागला की नाही ते फाशांवर. दुकानातला लोखंडी टेप गंजून अडकला होता. मल्लू माझ्याकडे न बघताच हात पुढे करून म्हणाला, अक्का, तुझा टेप दे की. पर्समधला टेप मी दिला. टेप घेतला, मला घेतलं नाही. मी घमेलं पालथं घातलं आणि त्यावर बसून त्यांचा खेळ बघायला लागले.

दोघांच्या मधे बसून बघणं फार वाईट. त्यांची एक भाषा झालेली होती. ती नुसती भुवई उचलायची आणि तो हसायचा. तो फासे फुंकायचा, ती त्याच्या मनगटावर चापट मारायची. हे फुंकणं मी शिकवलं होतं त्याला, काचाकवड्यांच्या वेळी. ती चापट माझी होती. आणि मधूनच ती तिरंदाज बाई गोणपाटावरून पुढे सरकली तेव्हा माझं लक्ष तिच्या शालीवर गेलं. शालीला काठ होता. एका धाग्याएवढा, तांबडा, कुठेही न तुटलेला, आणि वळणाशी बरोबर दुमडलेला. मी रोज काठ बघते. असा काठ साडीवर नीट बसवताना माझ्या नाकी नऊ येतात, हिने तो नखाएवढ्या शालीवर बसवला होता. तेव्हा मला खरं जळायला लागलं. तोवर नुसता धूर होता.

मला पण शिकव, असं मी म्हणाले. मल्लू म्हणाला, "तुला न्हाई जमायचं अक्का, लय नियम हायेत." ऋतुजा म्हणाली, "जमेल की. बसा माझ्यासमोर." मल्लू उठला आणि मी त्याच्या जागी बसले. त्याची माणसं मला मिळाली. ती त्याने स्वतः रंगवली होती आणि शाळेत नकाशे रंगवायचा तशीच, रेघेबाहेर. मला त्या अस्वलतोंड्याचा फार लळा लागला.

पहिला फासा हातात घेतला आणि तोंडातून निघून गेलं, "मी जिंकले तर फुडल्या वर्षीपासून पांडव माझे."

मल्लूला वाटलं मी चेष्टा करतेय. ऋतुजाला मात्र कळलं. तिने कोपीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिचा चेहरा उतरला आणि लगेच सावरला.

"आणि मी जिंकले तर?"

"तर तुझे."

चुलीपाशी भांडी गोळा करता करता आई म्हणाली, "पांडवाच्या म्होरं बसून फाशावर पैजा लावायलात व्हय गं. तुमाला दुसरी जागा न्हाई भेटली?" पण तोवर फासा पडला होता.

खेळले मी बरी. इंच माझ्या डोळ्यात बसलेले. टेप न लावता सांगायचे की इथून तिथवर साडेपाच, आणि मोजलं की तेवढंच भरायचं. मल्लू मागून म्हणाला, अक्काला तर येतंय की. ते ऐकून मला चेव आला. मी अस्वलतोंड्याला डोंगराआडून काढलं आणि त्या तिरंदाज बाईच्या मागे लावलं. तिने दोन बाण मारले, एक लागला. मी थांबले नाही. माझी कंदीलवाली पण तिकडेच वळवली, वाकडी तलवार पण तिकडेच. माझं अख्खं सैन्य एका शालीच्या मागे लागलं होतं. तळ्याच्या काठावर गाठलं तिला. फाशावर सहा पडले आणि ऋतुजाने स्वतःच्या हाताने ती बाई आडवी ठेवली, काठ वर येईल अशी. मला काय वाटलं ते लपवत नाही. फार बरं वाटलं.

मग ऋतुजाने तिच्या बाजूचा एक पोक काढलेला म्हातारा उचलला. त्याच्याकडे माझं लक्षच नव्हतं. सुरुवातीपासून तो दर डावाला थोडा थोडा सरकत होता, आणि आता घाट्याच्या अगदी शेजारी उभा होता. त्याने घाटा उचलला आणि निवांत आपल्या कडेला नेला. त्याला अडवायला माझ्याकडचं कुणी त्या बाजूला नव्हतंच.

"अक्का, तू दिव्याकडं बघितलंच न्हाई," मल्लू म्हणाला.

ऋतुजा हसली नाही. तिने हळूच विचारलं, "तुम्ही तिच्याच मागे का लागलात?"

मी टेप गुंडाळत बसले. तिला उत्तर माहीत असावं असं मला आजही वाटतं, कारण तिने परत विचारलं नाही. तिने तो घाटा सोलला आणि दाणा तोंडात टाकला. मला विचारलंसुद्धा नाही. संध्याकाळी आप्पांनी कडब्याचा हेंडगा पेटवून शेताभोवती फिरवला, त्या उजेडात कोपीतल्या भीमाची मिशी दिसत होती. परतीच्या गाडीत मी चुडाव्यापासून परभणीपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले.

खरं तर इथे संपायला हवं होतं. पण संक्रांतीला मल्लूचा फोन आला, आणि तीळगूळ घ्या म्हणून झाल्यावर फोन ऋतुजाने घेतला. म्हणाली, अक्का, तिरंदाज बाईचा बाण मोडला होता, नवीन बसवला. परत खेळायचं का? फोनवरून कसं खेळणार, मी म्हणाले. ती म्हणाली, मी इथे मांडते आणि फोटो पाठवते, तुम्ही तिथे मांडा.

मी कापड कापायच्या टेबलावर खडूने डोंगर आणि तळं आखलं. माणसांच्या जागी बटणं मांडली. कोटाचं मोठं काळं बटण म्हणजे अस्वलतोंड्या, शर्टाची पांढरी म्हणजे बाकीचे, आणि तिच्या तिरंदाज बाईला मी ब्लाउजचं एक मोत्याचं बटण दिलं, कारण दुसरं शोभेना. रविवारी दुपारी दुकानात शुकशुकाट असतो. ती फोनवर फासे टाकायची, मला आवाज ऐकू यायचा. ती खोटं सांगेल असं मनात कधी आलं नाही. पहिल्यांदा हरले, नंतरही हरले, मग एकदा दिवा नेला तेव्हा एकटीच दुकानात उभी राहून टाळी वाजवली. समोरच्या मेडिकलवाल्याने मान वळवून पाहिलं.

खेळता खेळता बोलणं व्हायचं. तिच्या आईचं गुडघ्याचं दुखणं, माझ्या गिऱ्हाइकांचे नखरे, मल्लूचं घोरणं. काठ कसा काढते तेही तिने सांगितलं, श्वास रोखून, एका दमात. मी पण पदराची दुमड तशीच करते, श्वास रोखून. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं.

आणि मग पावसाळ्यात एका रविवारी फोन आला नाही. बटणं मांडून मी बसले होते. बाहेर पागोळ्या गळत होत्या, पिकोच्या मशीनवर पाय नुसताच हलत होता. शेवटी मीच फोन लावला, तर मल्लूने उचलला आणि मजेत म्हणाला, "आज आमी दोघंच खेळायलाव अक्का, लय रंगात आलाय डाव." मागे फाशांचा आवाज आला आणि तिचं हसणं आलं. बरं बरं, खेळा, असं म्हणून मी फोन ठेवला. आणि तीच ओळखीची आग पोटात पेटली. पेटली आणि मी चपापले, कारण या वेळी ती ऋतुजावर नव्हती. मला मल्लूचा हेवा वाटत होता. त्याला ती रोज समोर मिळते, त्याला तिच्याशी खेळायला फोटो आणि बटणं लागत नाहीत. सख्ख्या भावाचा, ज्याला मी मांडीवर घेऊन बोट कावेत बुडवलं, त्याचा.

यंदा ती दोघं फक्त चार दिवसांसाठी आली. मल्लू स्वतः स्टेशनवर घ्यायला आला होता. गाडीतून उतरता उतरता मी विचारलं, ऋतुजा कुठंय?

"मी बी हाय हितं," तो म्हणाला. "भावाला काय कसा हायेस म्हणशील का न्हाई?"

शेतात ऋतुजा लिंबाखाली उकिडवी बसली होती. पाचही दगड ओढ्यावरून धुऊन आणलेले, समोर चुन्याची बादली. वर्षभराच्या पावसाने पांडवांचे डोळे पुसट झाले होते, अर्जुनाचा निळा शेला पार उडाला होता. भीमाची मिशी तेवढी शाबूत होती. मी तिच्यासमोर उभी राहिले. पैज ती जिंकली होती, दगड तिचे होते, आणि हरलेल्या माणसाने काय मागायचं?

ती म्हणाली, "या वर्षी पांढरेच करू, अक्का. पण चुना मला जमत नाही, फुटतो. चुना तुम्ही द्या, काव मी लावते."

मी बाही सावरून खाली बसले. जिंकून वर तिने मन मोठं केलं, तेवढं एक तरी माझ्या वाट्याला यायला हवं होतं असं क्षणभर वाटून गेलं. मग चुन्यात हात घातला. धर्म पांढरा झाला, अर्जुन पांढरा झाला, जुळे झाले. भीमाला दोन हात दिले तरी चुन्याखालून मिशी दिसत राहिली. ऋतुजाने विचारलं, अजून एक हात द्यायचा का? मी म्हणाले, राहू दे. तिने काव कालवली आणि श्वास रोखून पहिला ठिपका टेकवला.

मल्लू गाडी लावून आला. आमच्या दोघींच्या हातांकडे त्याने पाहिलं, वाटीतल्या कावेकडे पाहिलं.

"काव मी लावायचो की," तो म्हणाला.

ऋतुजाने मान वर केली नाही. मी पण केली नाही. ती म्हणाली, हे झालं की गोणपाट अंथरू, मी तो गंजलेला टेप आणलाच नाही, तुमचा आहे ना? मी म्हणाले, आहे. कोण कोण खेळणार ते मल्लूने विचारलं, तेव्हा ऋतुजाने पुढचा दगड पुढ्यात ओढला. मग तो पालथं घमेलं ओढून त्यावर बसला.

मला त्याची दया आली नाही. परवा तो तिला घेऊन पुण्याला जाईल, आणि एखाद्या रविवारी, मी दुकानात बटणं मांडून फोनची वाट बघत असेन तेव्हा, ती त्याच्यासमोर बसलेली असेल.